‘टंबल’ बंद झालं तेव्हा

गॉलवे, आयर्लंड,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय प्रल्हाददादा,

नमस्कार. आईला आणि रेवतीवहिनीला माझा नमस्कार सांग, पण हे पत्र आधी तू एकट्याने वाच. गच्चीवर जा, नाहीतर ऑफिसात ने. मग आईला किती सांगायचं ते तूच ठरव. घाबरू नकोस, वाईट काही नाही.

इकडे आम्ही मजेत आहोत. दुपारी साडेचारलाच अंधार पडतो, त्याचीही आता सवय झाली. सारंगच्या कारखान्यात नाताळच्या सुट्टीआधीची घाई चाललीय. सानिका शाळेच्या कॅमोगीच्या टीममध्ये आली. काठीने चेंडू मारायचा इथल्या मुलींचा खेळ असतो, त्यात. गुडघे फोडून घरी येते आणि ‘लागलं का गं?’ विचारलं की ‘आयम ग्रँड, मॅम’ म्हणते, म्हणजे मजेत आहे. वहिनीने पाठवलेलं तिखट पोचलं. परवा मी तिला म्हटलं, कपाटातून तिखटाची बरणी दे, तर ती मलाच विचारते, ‘यू मीन द प्रेस?’ इथे कपाटाला प्रेस म्हणतात. बाबा असते तर म्हणाले असते, मग छापखान्याला काय म्हणतात?

छापखान्यावरून मुख्य बातमी सांगते. ‘टंबल’ बंद झालं. तू मित्रांना सांगायचास ना, माझी बहीण इंग्लंडमधल्या मुलांच्या साप्ताहिकात चित्रकथा काढते, तेच. गेल्या महिन्याच्या शेवटी शेवटचा अंक निघाला. तू दर रविवारी फोनवर विचारायचास, ‘काय करून राहिली सध्या?’ आणि मी म्हणायचे, ‘नेहमीचंच.’ सप्टेंबरपासून ते नेहमीचं नव्हतं.

सप्टेंबरात एका मंगळवारी मालकांचा ईमेल आला. हे मालक म्हणजे ‘टंबल’ काढणारी ब्रॅडवेल कंपनी विकली गेल्यानंतरचे तिसरे. त्यांनी फारच गोड भाषेत लिहिलं होतं, की मुलांचं वाचन आता बदललंय, म्हणून ब्रॅडवेलचं हे शेवटचं साप्ताहिक थांबवावं लागतंय. दुपारी आम्हा सगळ्यांची स्क्रीनवर मीटिंग झाली. सगळे म्हणजे किती, तर एका हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच उरलो होतो. आमची संपादक हेलन बोलता बोलता रडायला लागली. रंग भरणारा टॉम चष्मा काढून नुसताच बसला होता. आणि मी कॅमेरा बंद केला. त्यांना वाटलं असेल, हीपण रडतेय. दादा, मी रडत नव्हते. मला सुटल्यासारखं वाटत होतं. सुटले, असं मी मराठीत मोठ्याने म्हणालेसुद्धा. माइक बंद होता म्हणून बरं.

दर आठवड्याला एक पान, अकरा वर्षं. माणूस थकतो. मी तेव्हा स्वतःची अशीच समजूत घातली.

दोन दिवसांनी हेलनचा फोन आला. म्हणाली, ‘कौमुदी, एक अवघड काम सांगू? ब्रीजला कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन सांगायला हवं. ती ईमेल बघत नाही, आणि तिला हे शेजाऱ्यांकडून कळायला नको.’

या ब्रीजबाई कॅसलबारजवळ राहतात, आमच्यापासून गाडीने सव्वा-दीड तास. वय ब्याऐंशी. ब्रॅडवेलच्या मुलींच्या साप्ताहिकांत त्यांनी तीसेक वर्षं चित्रं काढली. मी फक्त एकदाच, एका प्रदर्शनात त्यांना भेटले होते. इथे सगळेच एकमेकांना एकेरी नावाने हाक मारतात, पण मला काही त्यांना नुसतं ब्रीज म्हणवत नाही, म्हणून पत्रात तरी ब्रीजबाई. शनिवारी सारंगला सांगून मी निघाले. वाटभर वाक्यं जुळवत होते. म्हाताऱ्या बाईला कसं सांगायचं, की तुम्ही जिथे आयुष्य घातलंत ते संपलं?

त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘बंद केलं ना?’

मी मान हलवली.

‘चला, एकदाचं झालं! मला वाटायला लागलं होतं, हे लोक त्याला पुरायचंच विसरले.’ आणि हसायला लागल्या. ‘आत ये पोरी, पावसात उभी राहू नकोस.’

स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसवून त्यांनी मला ब्रॅडवेलची सगळी कहाणी ऐकवली. मी तिथे इतकी वर्षं काम केलं, पण मला ती फक्त शेवटाकडून माहीत होती. मँचेस्टरचे दोन भाऊ, मुरंब्याच्या बाटल्यांची लेबलं छापायचे. मशीन आठवड्यातले दोन दिवस रिकामं राहतं म्हणून धाकट्याने मुलांसाठी चार पानांचं चित्रांचं साप्ताहिक काढलं. तेच ‘टंबल’. महायुद्ध संपलं, कागद पुन्हा मिळायला लागला आणि त्यांचं नशीब फळफळलं. एकाची सात साप्ताहिकं झाली. मुलांसाठी वेगळी, मुलींसाठी वेगळी, फुटबॉलवाल्यांसाठी आणखी वेगळं. ब्रीजबाई अठराव्या वर्षी इकडच्या कितीतरी मुलींसारख्या बोटीने तिकडे गेल्या आणि ब्रॅडवेलच्या कँटीनमध्ये लागल्या. बशीखालच्या कागदावर कुणाचं तरी नाक काढताना युअर मॅन, म्हणजे तोच धाकटा ब्रॅडवेल, मागे येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, ‘हे कोण?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच.’ पुढच्या आठवड्यात त्यांना चित्रांच्या खोलीत टेबल मिळालं.

‘गुरुवारी छपाई सुरू झाली की पूर्ण इमारत हादरायची,’ त्या म्हणाल्या. ‘आम्ही गुरुवारी बारीक काम करायचोच नाही. आणि शनिवारी सकाळी बसमध्ये बघावं, तर प्रत्येक पोराच्या हातात आपली चित्रं. नाव कुठेच नाही हं. सही करायला बंदी होती. दुसऱ्या कंपनीने पळवून नेलं तर? मी एकदा एका मांजरीच्या मिशांत माझं नाव लपवलं होतं. त्यांनी पांढऱ्या रंगाने मिशाच कापल्या!’

मग घराघरांत टीव्ही आला. खप उतरायला लागला. एक साप्ताहिक चालेनासं झालं की ते दुसऱ्यात मिसळायचे आणि मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात छापायचे: ‘दोस्तांनो, आत आनंदाची बातमी!’ मुलं खूश व्हायची. ‘आणि आम्हाला कळायचं,’ ब्रीजबाई म्हणाल्या, ‘की आपल्यातल्या चौघांचं टेबल गेलं.’ तोवर त्या लग्न होऊन इकडे, मेयो परगण्यात, परत आल्या होत्या, पानं पोस्टाने पाठवायच्या. सातांची चार झाली, चारांची दोन. भावांच्या मुलांनी कंपनी विकून टाकली. इमारतीत आता फ्लॅट आहेत. तिथून पुढचं मला ठाऊक होतं. मी आले तेव्हा ब्रॅडवेल म्हणजे दोन खोल्या होत्या. नंतर एकच. अंकाबरोबर प्लॅस्टिकची शिट्टी नाहीतर चिकट बेडूक द्यायला लागले, आणि पालक बेडकासाठी अंक घ्यायचे.

तरी दादा, मी लांबूनच पानं पाठवायचे, पण ती खोली मला फार जवळची होती. मी इथे नवी होते, सारंगची नोकरी होती आणि माझं काहीच नव्हतं. नमुन्याची पानं पाठवली आणि हेलनने एका दिवसात उत्तर दिलं. पेग नावाची बेटावर राहणारी पोरगी आणि तिचा बिशप नावाचा हट्टी बोकड, ही माझी पात्रं. तुझ्याकडे जुने अंक असतीलच.

एवढं ऐकून, चहा पिऊन मी घरी आले, असं लिहिणार होते.

*

मधे उठले होते. सानिकाला सरावावरून आणलं, भात टाकला. परत बसले तर वरचं शेवटचं वाक्य दिसलं. तसं झालं नाही, दादा. सांगते.

ब्रीजबाईंनी चहाचा कप पुढे केला. मी तो घेतला नाही. टेबलावरच ठेवा, म्हटलं. त्यांनी ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘निवतोय.’ मी म्हटलं, मला निवलेलाच आवडतो. मग त्या उठल्या आणि शेल्फावरून ‘टंबल’चे अंक घेऊन आल्या. कंपनी त्यांना अजून फुकट अंक पाठवायची. त्यांनी माझी पानं एकापुढे एक मांडली, दोन वर्षांपूर्वीची आणि आताची.

‘मला एक सांग,’ त्या म्हणाल्या. ‘हा बोकड इतका का वाढला?’

मी म्हटलं, मुलांना आवडतो. ते खोटं नव्हतं. वाचकांच्या मतदानात बिशप पहिला आला होता.

‘ते असेल. पण आधी चौकटीत पेग असायची आणि कोपऱ्यात बोकड. आता बोकडच बोकड. केसाळ. पेगचा चेहरा तर दिसतच नाही, बोकडामागे असते.’ मग त्या अगदी सहज म्हणाल्या, ‘माझं मनगट मोडलं होतं त्या वर्षी मी सगळ्या गोष्टी समुद्रात घातल्या होत्या. लाटेची रेघ हलली तर कुणाला कळतंय? कधीपासून थरथरतोय हात?’

दादा, तोपर्यंत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कारण मी कुणाला दिसूच दिलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सुरू झालं. पेगच्या गालाची रेघ काढताना निब कागदावर थडथडलं. आधी वाटलं, कॉफी. कॉफी सोडली. मग शाई-निब सोडून टॅबलेटवर काढायला लागले, त्यात रेघ आपोआप गुळगुळीत करायची सोय असते. तेही पुरेना, तेव्हा बिशपला पुढे आणलं. त्याचे केस थरथरले तरी चालतात. हाताने लिहिणं सोडलं. राखीला चिठ्ठी टाईप करून पाठवली म्हणून तू चिडवलं होतंस, मॅडम हाय-फाय झाल्या. दर सोमवारी पान सुरू करताना धास्ती वाटायची, की आज हेलनला कळणार. म्हणून तो ईमेल आला तेव्हा मी सुटले म्हणाले. आता कुणाला पान दाखवायचं नाही. कुणाला हात दाखवायचा नाही.

मला कशाची भीती वाटत होती, हे तुला सांगायची गरज नाही.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे, सगळ्यांत सुरेख रेघ त्यांची म्हणायचे, आणि एक दिवस शर्टाचं बटण लागेना. मग चमच्यातलं वरण सांडायला लागलं. मी सुट्टीत तीन आठवडे यायचे आणि विमानात रडत परत जायचे. तू मात्र रोज सकाळी त्यांची दाढी करायचास. त्यांची मान एका हाताने धरून, गप्पा मारत, त्यांना कळू नये की आपल्याला धरलंय. पुण्याची बदली सोडलीस. आठ वर्षं. आणि आता मी तुला फोन करून काय सांगायचं होतं? दादा, माझीपण सुरुवात झाली? तुला पुन्हा तेच बघायला लावायचं माझ्याने झालं नाही. तपासलं नाही तर ते नाहीच, असं मी सव्वा वर्ष वागले. सारंगलाही बोलले नाही. ट्रे उचलायची वेळ आली की सानिकाला हाक मारायचे.

हे सगळं मी ब्रीजबाईंना सांगितलं. तुटक इंग्रजीत, नाक पुसत. त्यांनी मधे एकदाही ‘अरेरे’ केलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, ‘डॉक्टर काय म्हणाला?’

‘गेलेच नाही.’

‘म्हणजे हे निदान तू स्वतःच केलंस.’ त्यांनी टेबलावरचा माझा फोन माझ्याकडे सरकवला. ‘सोमवारी दवाखाना उघडला की फोन कर. दिवस मला कळव. मी येते.’

‘तुम्ही कशाला? एवढ्या लांब.’

‘बस येते ना. मी नसले तर तू पार्किंगमधूनच परत जाशील.’

आणि खरंच आल्या, दादा. कॅसलबारहून बसने, टोपी घालून, पर्समध्ये सँडविच घेऊन. आदल्या संध्याकाळी मी सारंगला सांगितलं होतं.  तो म्हणाला, ‘दिवसभर मी भिंगातून बघत लोकांच्या हृदयात घालायच्या जाळ्या तपासतो, कुठे केसाएवढा दोष राहिलाय का ते. आणि घरात माझ्यासमोर…’  सकाळी त्याने सुट्टी टाकली. तर बाहेरच्या बाकावर एका बाजूला सारंग, एका बाजूला ब्रीजबाई, आणि मधे मी, शाळेत बाईंनी ऑफिसात बोलावल्यासारखी.

डॉक्टर तरुण मुलगी होती. बाबांचं मी सांगितलं, ते तिने नीट लिहून घेतलं. मग हात मांडीवर ठेवायला सांगितले. मग पुढे ताठ धरायला सांगून बोटांवर एक साधा कागद ठेवला. कागद झाडाच्या पानासारखा फडफडला. मी डोळे मिटले.

‘तुमच्या वडिलांचा हात मांडीवर शांत ठेवलेला असताना हलायचा का?’ तिने विचारलं.

‘हो. तेव्हाच जास्त.’

‘तुमचा नाही हलत. काही धरलं, काही उचललं, की हलतो. वजन कमी झालंय? घाम येतो? धडधडतं?’

दादा, सगळ्याला हो. वजन कमी झालं म्हणून मी खूश होते. घाम येतो त्याचं खापर मी वयावर फोडलं होतं. ती गळ्यावर बोटं ठेवून म्हणाली, ‘गिळा.’ मग म्हणाली, ‘रक्त तपासू. पण तुम्ही समजताय ते हे आहे, असं मला वाटत नाही.’

शुक्रवारी तिचा फोन आला तेव्हा मी दुकानात कोथिंबीर शोधत होते. थायरॉइड. फार जास्त काम करतंय, गोळ्यांनी आटोक्यात येईल, थरथर जाईल. कंपवात नाही. तिने ते दोनदा सांगितलं, कारण मी दोनदा विचारलं. मी भाज्यांसमोर उभी राहून ढसाढसा रडले, आणि दुकानातला एक मुलगा मला विचारायला आला, काही हवंय का. मी म्हटलं, कोथिंबीर. त्याने आणून दिली.

सारंगला कळवलं, मग ब्रीजबाईंना. त्या म्हणाल्या, ‘ग्रँड. आता तो बोकड आवर.’

गोळ्या सुरू होऊन दोन महिने उलटले. पहिले काही आठवडे फरक वाटेना, मग एक दिवस लक्षात आलं, चहा न सांडता अंगणापर्यंत नेला. पुढे तपासण्या होत राहतील, थायरॉइड असं का बिघडलं तेही बघायचंय, पण डॉक्टरला त्यात काळजीचं काही वाटत नाही आणि मी या वेळी तिचं ऐकतेय. शेवटच्या अंकाचं पान मी कागदावर, शाईने काढलं. पेगचा चेहरा पानभर. बिशपचं फक्त एक शिंग, खालच्या कोपऱ्यात. हेलनने ते पान बघितलं आणि विचारलं, ‘ही रेघ कुठे होती इतके दिवस?’ तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘तुझी काही पानं मी खरंच परत पाठवायला हवी होती, पण तू शेवटची उरलीस आणि मला तुला गमवायचं नव्हतं.’ म्हणजे तिला दिसत होतं! आम्ही दोघी आपापल्या जागी घाबरून गप्प.

मालकांना मुखपृष्ठावर तेच जुनं हवं होतं, आनंदाची बातमी, फोनवरच्या खेळाची जाहिरात. हेलनने हट्टाने दुसरं छापलं: ‘हा आमचा शेवटचा अंक. इतकी वर्षं वाचलंत, मनापासून आभार.’ आत पहिल्यांदाच सगळ्यांची नावं आहेत, हयात असलेल्यांची आणि नसलेल्यांची. जुन्या पगारपत्रकांवरून, लोकांना फोन करून करून तिने ती जमवली. ब्रीजबाईंनी गावातल्या दुकानातले होते नव्हते ते सगळे अंक उचलले आणि रविवारी चर्चबाहेर वाटले.

पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. जानेवारीपासून इथल्या वाचनालयात मुलांना शनिवारी चित्रकथा शिकवणार आहे, एवढं नक्की. ब्रीजबाईंनाही एक दिवस यायचंय. मला घाई नाही. सोमवारी सकाळी धास्ती वाटत नाही, दादा, हेच मला अजून नवं आहे.

आणि आता जे सांगायला मुळात बसले ते.

बाबा गेले त्या दिवशी तू घाटावरून आलास. मागच्या नळावर पाय धुताना मी टॉवेल घेऊन उभी होते. तू वर न बघता म्हणालास, ‘कौमु, मला सुटल्यासारखं वाटून राहिलं. मी वाईट माणूस आहे का?’ मी म्हटलं, ‘असं काय बोलतोस,’ आणि टॉवेल दिला. त्यावर आपण पुन्हा कधी बोललो नाही. मला तेव्हा खरंच कळलं नव्हतं. तीन आठवड्यांच्या पाहुणीला कसं कळणार? यंदा एका कंपनीच्या बंद होण्याने मला सुटल्यासारखं वाटलं, ज्यांनी मला इथे उभं केलं त्यांच्याच. लाज वाटली, आणि तरी सुटल्यासारखं वाटतच राहिलं. ब्रीजबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘ज्याने खूप ओढलंय त्यालाच सुटल्यासारखं वाटतं. इतरांना नुसतं वाईट वाटतं.’

तर दादा, तू नळावर विचारलंस त्याचं उत्तर: नाहीस. कधीच नव्हतास. बाबांना त्यांच्या मानेखालचा हात कळत होता. मला म्हणाले होते ते, शेवटच्या सुट्टीत. ‘प्रल्हाद मला धरतो आणि मला कळू देत नाही. मीपण त्याला कळू देत नाही.’ हे तुला आधीच सांगायला हवं होतं. आज सांगितलं.

फोन कर. आधी मला पोटभर रागाव, मग आईला दे.

तुझी धाकटी आणि खरोखर बरी असलेली,
कौमुदी